फणीचा ठोका

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी इनामदार मॅडमनी वर्गातल्या चौदाही जणांना एकच वाक्य टाइप करायला लावलं. 'मोर निळा आहे.' बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं आणि अंक मिळून चौसष्ट चिन्हांची एक लांबलचक ओळ उमटत होती. सगळ्यांची ओळ अगदी सारखी आली.

"आता वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम काढा," मॅडम म्हणाल्या.

रेवती दिवटेने पूर्णविराम काढला आणि ओळ पार बदलून गेली. आधीच्या ओळीशी तिचं काही नातं असेल असंही वाटेना.

"हा हॅश. आपण त्याला ठसा म्हणू. मजकूर केवढाही असो, ठसा एवढाच. मजकुरावरून ठसा काढता येतो, ठशावरून मजकूर काढता येत नाही. आणि मजकुरात केसाएवढा फरक पडला तरी ठसा बदलतो." मॅडमनी फळ्यावर चौकटी काढल्या. "आता ही आपली ब्लॉकचेन. प्रत्येक चौकटीत, म्हणजे ब्लॉकमध्ये, काही नोंदी असतात आणि आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो. मधल्या ब्लॉकमध्ये कुणी हात घातला, तर त्याचा ठसा बदलणार. मग पुढच्या ब्लॉकमध्ये लिहून ठेवलेला ठसा जुळणार नाही, आणि तिथून पुढची सगळी साखळी बोंब मारणार. शिवाय ही साखळी एकाच कपाटात नाही. साडेतीनशे ठिकाणच्या संगणकांवर तिच्या साडेतीनशे प्रती आहेत. एकाने आपली प्रत बदलली, तर बाकीचे त्याला खोटा ठरवतात."

"म्हणजे साखळीवर आहे ते खरंच असणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," मॅडम हसल्या. "साखळीला खरंखोटं कळत नाही. तिला फक्त बदललेलं कळतं. पहिल्यांदाच कुणी खोटं लिहिलं, तर ते खोटं ती जन्मभर जपून ठेवते. म्हणून तर तुमच्यासारखे पडताळणीस, म्हणजे तपासनीस, लागतात."

पैठणीची साखळी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. यंत्रमागावरच्या साड्या हातमागाच्या म्हणून खपायला लागल्या, तेव्हा विणकरांच्याच संस्थेने ती उभी केली. नोंदणी झालेल्या प्रत्येक मागाच्या फणीखाली काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलेलं असे. धागा घातल्यावर विणकर फणी आपटतो, त्या प्रत्येक ठोक्याचा जोर आणि दोन ठोक्यांमधलं अंतर ते टिपून घेई. जसं अक्षर, तसा ठोका. दोन माणसांचा सारखा नसतो. साडी पुरी झाली की लाखो ठोक्यांची नोंद संस्थेच्या केंद्रात जमा व्हायची आणि तिचा ठसा साखळीवर चढायचा. शेवटी विणकराने आपल्या कार्डावर अंगठा ठेवायचा. कार्डातली गुप्त किल्ली त्या अंगठ्याने उघडायची आणि सही व्हायची. मग जगात कुठेही कुणी साडीच्या काठात विणलेल्या खुणेला फोन टेकवला, की विणकराचं नाव दिसायचं आणि त्याखाली 'हाताची ओळख : जुळली' अशी ओळ.

रेवती एकतीस वर्षांची होती. नऊ वर्षं पुण्यात एका कुरिअर कंपनीच्या कार्यालयात होती. गणपतीत अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि तिने घराजवळचं काम शोधायला घेतलं. पडताळणीसाची जागा मिळाली. नाशिकला दीड महिन्याचं प्रशिक्षण, मग नेमणूक. येवल्याचं घर बसने दोन-अडीच तासांवर. रविवारी ती जाऊन येई.

दुपारच्या सरावात मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्या कुणाची तरी साखळी उघडून बघा. घरची असेल तर उत्तमच."

रेवतीने वामन दिवटे हे नाव टाकलं. राज्य पुरस्कार मिळालेले विणकर. सहा वर्षांत एकोणीस पैठण्या. ती कौतुकाने खाली खाली जात राहिली आणि शेवटच्या दोन नोंदींवर थांबली. एक जानेवारीतली होती. दुसरी गेल्या आठवड्यातली.

गणपतीपासून अण्णांचा उजवा हात उचलत नव्हता. कपसुद्धा धरवत नव्हता. आणि साखळी सांगत होती, हाताची ओळख जुळली, सत्त्याण्णव टक्के.

शेजारची मुलगी वाकून बघायला लागली, तशी रेवतीने पडदा बंद केला.

रविवारी ती घरी पोचली तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. बाहेरच्या खोलीत माग होता, त्यावर जुनी चादर टाकलेली.

"माग चालू आहे का गं?" तिने आईला विचारलं. शक्य तितक्या सहज.

"कोण चालवणार? बंदच आहे." आई गॅसकडे वळली. "तुला भरीत करू का?"

रेवती अण्णांजवळ बसली. त्यांचा हात हातात घेतला. कातडी कोरडी, भेगाळलेली होती, पण अंगठा तेवढा मऊ होता. त्याला खोबरेल लावलेलं होतं. फक्त अंगठ्याला.

"अण्णा, अंगठ्याला तेल कशाला?"

अण्णांनी आईकडे पाहिलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळत असे.

"कोरडा पडतो म्हणून लावलं," आई आतूनच म्हणाली.

कोरडं बोट यंत्र वाचत नाही, हे रेवती मंगळवारीच शिकली होती. कुणीतरी अण्णांचा लुळा अंगठा उचलून कार्डावर दाबतंय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

कुणीतरी म्हणजे कोण, याबद्दल तिला फारशी शंका नव्हती. तिच्या थोरल्या भावाचं, हेमंतदादाचं, मोठ्या रस्त्यावर साड्यांचं दुकान होतं. सुरुवातीला तो फक्त घरच्या आणि आळीतल्या साड्या विकायचा. आता त्याच्याकडे कुठून कुठून गठ्ठे यायचे. अण्णांच्या नावाची पैठणी मिळावी म्हणून लोक वर्षवर्ष थांबत. यंत्रमागाचा माल त्या नावावर घालायचा, आणि ठोक्यांची नोंद? ती जुनीच पुन्हा वाजवायची, ध्वनिफीत वाजवावी तशी.

ती दुकानात गेली. हेमंत एका गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होता. ते जाईपर्यंत ती थांबली.

"दादा, अण्णांच्या नावावर दोन नव्या साड्या चढल्यात."

हेमंतचा हात घडी घालता घालता थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"साखळी उघडीच असते. कुणालाही दिसते."

"जुन्या राहिल्या होत्या. उशिरा चढवल्या."

"साडी विणताना रोजची वेळ पडते यंत्रात. उशिरा चढवता येत नाही."

त्याने साडी मांडणीत ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तू शिकायला गेली आहेस की चौकशीला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "रेवू, घरातलं तू नको तपासूस. एवढंच ऐक माझं."

त्या दिवशी ती जेवलीही नाही. परतीच्या बसमध्ये तिला वाटत राहिलं, की त्या घरात तिच्याखेरीज सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. आईलासुद्धा. आईने एवढ्या सफाईने खोटं बोलावं, याचाच तिला जास्त त्रास होत होता.

सोमवारी तिने मॅडमना गाठलं. नाव न घेता विचारलं, "एखाद्याने जुनी नोंद पुन्हा वाजवून नव्या साडीला लावली, तर कसं ओळखायचं?"

इनामदार मॅडम स्वतः वीस वर्षं बँकांचे संगणक राखून आलेल्या होत्या. प्रश्नामागचा माणूस त्यांना दिसला असावा, पण त्यांनी विचारलं नाही.

"आधी बघायचं, केंद्रातली मूळ नोंद शाबूत आहे का. तिचा ठसा काढ आणि साखळीवरच्या ठशाशी ताडून बघ. जुळला, तर नोंदीला नंतर कुणी हात लावलेला नाही. मग ती नोंद शंभर शंभर ठोक्यांच्या तुकड्यांत तोड आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा काढ. जुनं पुन्हा वाजवलेलं असेल तर तेच ठसे पुन्हा भेटतील."

"आणि वाजवताना त्यात थोडा फरक केला असेल तर?"

"तर ठसे वेगळे येतील आणि तू फसशील. म्हणून नुसत्या ठशांवर विसंबू नकोस. ठोक्यांच्या मधल्या जागा बघ. यंत्र थकत नाही, पाणी प्यायला उठत नाही. माणूस उठतो."

रेवतीने दोन दिवस त्यात घातले. ठसे साखळीशी जुळले. एकोणीस साड्यांचे हजारो तुकडे पाडून तिने एकमेकांशी ताडले. एकही ठसा दोनदा आला नाही. म्हणजे जुनं काही वाजवलेलं नव्हतं. कुणीतरी खरोखर बसून विणलं होतं, आणि त्याचा ठोका अण्णांचाच होता.

हे कसं शक्य आहे? बुधवारी सकाळी तिने मधल्या जागा बघायला घेतल्या.

शेवटच्या दोन साड्यांत माग सकाळी आठला थांबत होता, दुपारी एकला, चारला आणि पुन्हा आठला. अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा तिनेच कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवल्या होत्या. आठ, एक, चार, आठ. रोज अकराच्या सुमारास माग चाळीस मिनिटं बंद. तेव्हा मालिशवाला येत असे.

आजाऱ्याचं करणाराच कुणीतरी विणत होता.

मग तिने पहिली साडी उघडली, सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा अण्णा ठणठणीत होते. तिथेही माग थांबत होता. एक दिवसाआड पहाटे नळाच्या वेळेला अर्धा तास. साडेसातला दुधाच्या वेळेला. साडेअकरा ते साडेबारा रोजच. सणाच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच बंद. अण्णांनी आयुष्यात कधी नळावर हंडा धरला नव्हता. एकदा मागावर बसले की हाकेला ओ देत नसत.

रेवतीने पहिली साडी आणि एकोणिसावी साडी शेजारी शेजारी लावली. ठोके सारखे होते. हात बदललेलाच नव्हता. तो पहिल्यापासूनच अण्णांचा नव्हता.

दुपारची सुट्टी मागून तिने बस पकडली. चार वाजून गेल्यावर ती आळीत शिरली, तेव्हा तिसऱ्या घराजवळच तिला तो ठोका ऐकू आला. दोन जवळ जवळचे ठोके, मग किंचित थांबून तिसरा. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला, बोटांत जरीच्या कांड्या. अर्धा विणलेला मोर तिच्यापुढे ताणलेला. रेवतीला पाहून तिचा हात हवेतच राहिला.

"आई, हा ठोका तुझा आहे."

आईने कांडी खाली ठेवली.

"माझाच आहे," ती म्हणाली. "यंत्र बसवलं त्या दिवसापासून."

मग तिने सांगितलं. साखळी येण्याच्या आदल्याच वर्षी अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्याला साखरेने धरलं. लांबचं दिसायचं, पण जरीची तार दिसेना. पुरस्कार नुकताच मिळालेला, नावावर मागण्या लागलेल्या. आई लग्नापासून त्यांच्या शेजारी बसून विणत होती. काठ तिचा, पदर त्यांचा. पदरही ती विणायला लागली. केंद्राची माणसं आली तेव्हा फोटोला अण्णा बसले. माणसं गेल्यावर आई बसली. यंत्राने जो हात पाहिला, तो वामन दिवटेंचा म्हणून लिहून घेतला.

"सही ते स्वतः करत होते," आई म्हणाली. "झटक्यानंतर अंगठा मी उचलून ठेवते. त्यांना विचारून."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू त्याच खात्यात निघालीस. तुला कळलं, तर तुला लिहावं लागेल. नाही लिहिलंस तर तू खोटी. म्हणून हेमंत म्हणाला, तिच्यापुढे माग झाकायचा."

तर सगळ्या घरात फक्त तिच्यापासून ते लपवलं जात होतं. रेवतीला रडू आवरेना. दादाबद्दल काय काय मनात आणलं होतं, त्याची लाजही वाटली आणि रागही आला.

खुर्चीतून अण्णा एकेक शब्द ओढत म्हणाले, "लिही तू. तुझं काम आहे."

पण लिहायचं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. साखळीवरचं काही खोडता येत नाही. 'शंका' असा शेरा पडला, की एकोणीस साड्यांवर तो कायमचा राहणार. ज्यांनी लेकीच्या लग्नात त्या नेसवल्या, त्यांना वाटणार आपण फसलो. आणि त्या साड्या खोट्या तर नव्हत्याच. प्रत्येक धागा हाताचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना नावानिशी सगळं सांगितलं. आईची विणकर म्हणून नवी नोंदणी करावी, असं तिच्या मनात होतं. मॅडमनी नेमलेले खैरनार नावाचे दुसरे पडताळणीस येवल्याला आले, कारण घरचं काम रेवतीला करता येणार नव्हतं. आई त्यांच्यापुढे वीतभर विणून उठली. खैरनारांच्या हातातल्या पडद्यावर लाल चौकट आली.

'हा हात आधीच नोंदलेला आहे : वामन दिवटे. तोतयेगिरीचा संशय. नोंदणी नाकारली.'

"यंत्राच्या मते तुम्ही यांची नक्कल करताय," खैरनार संकोचून म्हणाले.

आई पहिल्यांदाच चिडली. "मी नक्कल करतेय? मी?"

एकच वाट होती. अण्णांनी आपल्या किल्लीने एका नव्या नोंदीवर सही करायची : या एकोणीस साड्यांमागचा हात माझा नाही, माझ्या पत्नीचा आहे. जुनं तसंच राहील, त्याच्या खाली हे जोडलं जाईल. बघणाऱ्याला दोन्ही दिसेल.

"लोक म्हणतील पुरस्कारही तिचाच होता," हेमंत म्हणाला. "तो तर अण्णांचा आहे ना? तेव्हा डोळे होते त्यांचे."

"लोकांना काय वाटेल ते साखळीत लिहिता येत नाही," रेवती म्हणाली.

अण्णा चार दिवस गप्प राहिले. आईने एकदाही विषय काढला नाही. ती गोळ्या देत होती, माग मात्र तिने उघडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी कार्ड मागवलं. रेवतीने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. आई अंगठा उचलायला पुढे आली, तशी अण्णांनी मान हलवली. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं आणि ओढत ओढत उशीवरून आणलं. दोनदा निसटलं. कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा अंगठा जागेवर बसला आणि नोंद चढली.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या एका बाईंनी साडी परत पाठवली. दोघांनी दुकानात फोन करून हेमंतला वाटेल ते ऐकवलं. एकीने लिहिलं की साडीवर आता दोन नावं दिसतात, खरी कुणाची समजायची. रेवतीने त्यांना उत्तर लिहायला घेतलं आणि दोन ओळींनंतर सोडून दिलं.

खैरनार पुन्हा आले. या वेळी चौकट हिरवी झाली. आता फक्त किल्ली करायची राहिली होती. आईने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. दुसरा ठेवला, मग एकेक करून दहाही बोटं ठेवली. पस्तीस वर्षं जरीची तार फिरून बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या.

"मग आकड्यांची किल्ली करू," खैरनार म्हणाले. "आठ आकडे. तुमची सही म्हणजे ते आकडे. मात्र ते कुठे लिहायचे नाहीत. कुणाला कळले, तर तो तुमच्या नावाने कशावरही सही करू शकेल."

"लग्नाची तारीख टाक," हेमंत म्हणाला.

"ती सगळ्यांना माहिती आहे." आई विचारात पडली. मग खैरनारांना तिने विचारलं, "घरातल्यांनाही नाही ना सांगायची?"

"कुणालाच नाही."

"मग तिकडे तोंड करा."

खैरनार भिंतीकडे वळले. हेमंत हसत वळला. रेवतीला आधी वाटलं की आपल्याला सूट असेल. आई तिच्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा तीही वळली.

"अहो, तुम्हीसुद्धा."

अण्णांना एकट्याने वळता येईना. खुर्चीची चाकं करकरत फिरल्याचा आवाज आला. आईनेच ती खिडकीकडे फिरवली असावी. भिंतीकडे तोंड करून रेवती बटणांचा आवाज मोजत राहिली. सात आकडे भराभर गेले. आठव्याला आईने बराच वेळ घेतला, आणि मग तोही दाबला.